अमेरिकेची विस्मृत पहिली घटना

अमेरिकेच्या राज्यघटनेविषयी लिहिणारे बहुतेक लेखक १७८७ च्या फिलाडेल्फियापासून आरंभ करतात. अध्यक्षस्थानी वॉशिंग्टन, टिपणे घेत बसलेला मॅडिसन, शरीराने थकलेला पण बुद्धीने तल्लख असा वृद्ध फ्रँकलिन, हे चित्र इतके परिचित झाले आहे की त्यातील एक अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्वातंत्र्याची घोषणा झाली १७७६ च्या जुलैत आणि नव्या घटनेनुसार सरकार सुरू झाले ते १७८९ मध्ये. मधली जवळजवळ तेरा वर्षे हा देश कोणत्या कायद्याने चालला? युद्ध कोणी लढविले, फ्रान्सकडून कर्ज कोणाच्या नावाने काढले, इंग्लंडशी तह कोणी केला? त्या देशाला आधी एक घटना होती आणि ती मोडीत निघाली, एवढेच या प्रश्नांचे उत्तर पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकलेले असते. ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हे तिचे नाव. आपण तिला राज्यसंघाची कलमे म्हणू. राज्ये तेरा आणि कलमेही तेराच.

या घटनेचे दोष सांगणे अवघड नाही. मध्यवर्ती सत्तेला कर बसविण्याचा अधिकार नव्हता, व्यापाराचे नियमन तिच्या हाती नव्हते, कार्यकारी प्रमुख नव्हता, स्वतंत्र न्यायसंस्था नव्हती आणि दुरुस्तीसाठी तेराही राज्यांचे एकमत लागे. ही यादी बरोबर आहे. पण ती वाचून असा समज होतो की हे सारे कारागिरीतले दोष होते आणि पुढे अधिक कुशल कारागीर मिळाल्यावर ते दूर झाले. तसे नव्हते. हे दोष जाणूनबुजून ठेवलेले होते. शिवाय दुर्बळ सरकार म्हणजे निरुपद्रवी सरकार, ही जी एक समजूत त्यामागे होती, तिची किंमत कोणी मोजली याचा हिशेब त्या यादीत नसतो. ती किंमत ज्यांनी मोजली ते घटना लिहिणारांपैकी नव्हते.

आरंभ पाहण्यासारखा आहे. ७ जून १७७६ रोजी व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री लीने काँग्रेसपुढे जो ठराव मांडला त्याचे तीन भाग होते: स्वातंत्र्य, परराष्ट्रांशी मैत्री आणि वसाहतींच्या संघाची योजना. (ही ‘काँग्रेस’ म्हणजे तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा.) पहिल्या भागासाठी जेफर्सनने जाहीरनामा लिहिला. तिसऱ्यासाठी मसुदा लिहिण्याचे काम पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनकडे आले. हा गृहस्थ स्वातंत्र्याची घोषणा घाईची आहे असे म्हणणारा, तरीही एकदा निर्णय झाल्यावर देशाबरोबर उभा राहणारा. त्याच्या मसुद्यात मध्यवर्ती सत्तेला बऱ्यापैकी वजन होते. तो १२ जुलैला सादर झाला आणि मग वर्षभर काँग्रेसने तो छाटला. नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉमस बर्कने तर सरळ एक कलमच घालून घेतले: प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व, स्वातंत्र्य आणि स्वायत्तता अबाधित राहील आणि जे अधिकार काँग्रेसला ‘स्पष्टपणे’ दिलेले नाहीत ते सर्व राज्यांचेच. हा ‘स्पष्टपणे’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा; तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१५ नोव्हेंबर १७७७ रोजी ही कलमे मंजूर झाली तेव्हा काँग्रेस यॉर्क नावाच्या लहान गावी आश्रयाला होती, कारण फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. राज्यांच्या मान्यतेला मात्र आणखी सव्वातीन वर्षे लागली. व्हर्जिनियासारखी राज्ये पश्चिमेकडील अफाट मुलखावर जुन्या सनदांच्या आधारे हक्क सांगत होती. ज्यांच्याजवळ अशी सनद नव्हती त्या मेरिलँडने हा मुलूख सर्वांच्या मालकीचा झाल्याखेरीज सही करण्याचे नाकारले. व्हर्जिनियाने हक्क सोडण्याची तयारी दाखविल्यावरच मेरिलँड वळले आणि १ मार्च १७८१ रोजी कलमे अमलात आली. यॉर्कटाउनला कॉर्नवालिस शरण आला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे युद्धाचा बहुतेक भाग या घटनेशिवायच, केवळ संकटाच्या बळावर लढला गेला आणि घटना हाती आली ती संकट ओसरू लागल्यावर. अशा वेळी कागदावरच्या बंधनांची खरी परीक्षा होते.

आपल्या राज्यशास्त्राच्या परिभाषेत ‘राज्यसंघ’ आणि ‘संघराज्य’ असे दोन शब्द आहेत. शब्द तेच, क्रम उलटा. पण अर्थात जमीनअस्मानाचे अंतर. संघराज्य हे स्वतःच एक राज्य असते. राज्यसंघ हा राज्यांनी केलेला करार असतो. तिसऱ्या कलमाने आपल्या संघाचे वर्णन ‘मैत्रीचा दृढ संघ’ असे केले होते. मित्र अडचणीच्या वेळी मदत करतात हे खरे. पण मदत केली नाही म्हणून मित्रावर फिर्याद लावता येत नाही. प्रत्येक राज्याला, ते लहान असो वा मोठे, एक मत. महत्त्वाच्या प्रश्नांवर नऊ राज्यांची संमती हवी. कोणाही प्रतिनिधीला सहा वर्षांत तीन वर्षांहून अधिक काळ काँग्रेसमध्ये बसता येऊ नये, म्हणजे अनुभव येऊ लागला की घरी जावे. सभेच्या अध्यक्षाला ‘प्रेसिडेंट’ म्हणत, परंतु त्याचे काम सभा चालविण्याचे आणि पत्रांना उत्तरे देण्याचे. आज कित्येक अमेरिकनांनाही या अध्यक्षांपैकी एकाचे नाव सांगता येणार नाही.

या साऱ्यामागे भीती होती आणि ती खोटी नव्हती. ज्या लोकांनी आपल्या संमतीवाचून कर बसविणाऱ्या पार्लमेंटविरुद्ध, राजाने नेमलेल्या गव्हर्नरांविरुद्ध आणि गावात तळ ठोकून बसलेल्या फौजेविरुद्ध शस्त्र उचलले, त्यांनी दुसरे पार्लमेंट, दुसरा राजा आणि दुसरी फौज निर्माण करावी अशी अपेक्षा धरणे चूक आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. येथे ताक ओतूनच दिले.

पैशाच्या प्रश्नाने हे सर्वांत आधी उघडे पाडले. आठव्या कलमाप्रमाणे संघाचा खर्च राज्यांनी आपापल्या जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात भरायचा होता. ही किंमत कोणी, कशी ठरवायची? सर्व राज्यांची अशी मोजणी कधी पुरी झालीच नाही. अंदाजाने वाटणी होत राहिली. काँग्रेसने मागणी करावी, राज्याच्या विधिमंडळाने ती वाचावी, आपल्या सोयीने काही द्यावे, काही न द्यावे आणि शेजारच्या राज्याने दिले नाही म्हणून आपणही देऊ नये, असा हा प्रकार. याला कर म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात. १७८२ सालच्या खर्चासाठी काँग्रेसने राज्यांकडे ८० लाख डॉलर मागितले. ते वर्ष संपले तेव्हा ५ लाखसुद्धा जमा झाले नव्हते. अर्थखात्याचा प्रमुख रॉबर्ट मॉरिस हा फिलाडेल्फियातील धनाढ्य व्यापारी. त्याने आपली वैयक्तिक पत गहाण टाकून सरकारचा गाडा काही काळ ओढला. राज्यांना पत्रे लिहिणे म्हणजे प्रेतांना प्रवचन करण्यासारखे आहे, अशा अर्थाचे उद्गार त्याने वैतागून काढले होते. कागदी चलनाचा मार्ग त्यापूर्वीच संपला होता. १७७९ मध्ये काँग्रेसने नोटांना २० कोटी डॉलरची मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा, असा भाव स्वतःच मान्य केला. कवडीमोल वस्तूला ‘कॉन्टिनेंटल’ची उपमा देण्याची अमेरिकन बोलीतली सवय त्या नोटांपासूनची आहे.

इलाज सर्वांना दिसत होता. १७८१ मध्ये काँग्रेसने आयात मालावर शेकडा ५ जकात बसविण्याचा अधिकार मागितला. बारा राज्ये कमीअधिक अनुकूल होती. तेरावे ऱ्होड आयलंड, सर्वांत चिमुकले. त्याचा सारा उदरनिर्वाह बंदरावर. त्याने १७८२ च्या अखेरीस नकार दिला आणि योजना कोसळली. पाठोपाठ व्हर्जिनियानेही आपली संमती मागे घेतली. १७८३ मध्ये थोडी सौम्य करून तीच योजना पुन्हा पुढे आली. तिला तीन वर्षे वाट पाहावी लागली आणि शेवटी न्यूयॉर्कने अशा अटी घातल्या की होकार आणि नकार यांत फरक राहिला नाही. न्यूयॉर्कला जकात नको होती असे नाही. ती त्याला स्वतःच्याच तिजोरीत हवी होती. शेजारच्या न्यू जर्सीचा माल त्याच बंदरातून येई, म्हणून त्या जकातीचा भार न्यू जर्सीच्या लोकांवरही पडे. तेव्हा १७८६ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळाने, न्यूयॉर्क वठणीवर येईपर्यंत आम्ही काँग्रेसला एक पैसा देणार नाही, असा ठरावच केला. काँग्रेसने त्यांच्याकडे समजूत घालायला माणसे पाठविली. दुसरे काय करणार?

त्याच १७८३ च्या खटपटीतून आणखी एक गोष्ट निघाली, जिचा उल्लेख सहसा होत नाही. जमिनीच्या किमतीऐवजी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी करावी असे सुचविताना गुलामांची गणना कशी करायची, हा वाद झाला. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, हा तोडगा तेव्हा निघाला. दुरुस्ती एकमताअभावी बारगळली. पण ते अपूर्णांक मात्र १७८७ च्या घटनेत जाऊन बसले, तेही करापेक्षा प्रतिनिधित्वासाठी. फसलेल्या घटनेचा हा वारसा टिकून राहिला.

आता ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांच्याकडे वळू. १७८३ च्या मार्चमध्ये हडसन नदीकाठी न्यूबर्ग येथे वॉशिंग्टनच्या सेनेचा तळ होता. पगार थकले होते. अधिकाऱ्यांना १७८० मध्ये कबूल केलेले निवृत्तिवेतन मिळण्याची आशा मावळली होती. पैसे मिळेपर्यंत शस्त्रे खाली ठेवू नयेत, अशी निनावी पत्रके तळावर फिरू लागली. वॉशिंग्टनने १५ मार्चला सर्वांना एकत्र बोलावून समजावले. चष्मा काढताना, तुमच्याच सेवेत माझे केस पिकले आणि आता डोळेही चालले, असे तो सहज बोलून गेला आणि कसलेले अधिकारी रडले, ही कथा सर्वश्रुत आहे. एका माणसाच्या पुण्याईने प्रजासत्ताक वाचले. पण पुण्याई ही काही राज्ययंत्रणा नव्हे. तीन महिन्यांनी तिच्यावाचून काय होते ते दिसले.

२१ जून १७८३ रोजी पगारासाठी उठलेल्या काहीशे शिपायांनी फिलाडेल्फियातील सरकारी सभागृहाला वेढा दिला. सात वर्षांपूर्वी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला तीच ही वास्तू. आत काँग्रेस बसली होती आणि त्याच इमारतीत पेनसिल्व्हेनियाचे कार्यकारी मंडळही बसे. काँग्रेसजवळ स्वतःच्या रक्षणासाठी एकही शिपाई नव्हता. होते ते बाहेर बंदुका घेऊन उभे होते. काँग्रेसने राज्य सरकारला विनंती केली की आपले नागरी पथक बोलवा. राज्याच्या प्रमुखाने नकार दिला. पथक हुकूम पाळील याची त्याला खात्री नव्हती आणि प्रत्यक्ष दंगा होईपर्यंत थांबावे असे त्याचे मत होते. या प्रमुखाचे नाव जॉन डिकिन्सन. ज्याने कलमांचा पहिला मसुदा लिहिला तोच राज्याच्या खुर्चीवर बसल्यावर मध्यवर्ती सभेला सांगत होता की माझ्याकडून अपेक्षा करू नका. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कायद्याने तो काही चुकत नव्हता, हाच त्या कायद्याचा दोष होता. काँग्रेस गाशा गुंडाळून प्रिन्स्टनला गेली. तेथून अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन आणि १७८५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारे सरकार जगाच्या इतिहासात नवीन नाही. पण युद्ध जिंकलेले सरकार असे हिंडावे हे विरळा.

उपस्थितीचे हाल तर विचारू नयेत. १७८३ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनने अ‍ॅनापोलिसला येऊन सेनापतिपदाचा राजीनामा दिला तेव्हा केवळ सात राज्यांचे प्रतिनिधी हजर होते. इंग्लंडबरोबरचा तह सहा महिन्यांत मान्य करायचा होता आणि त्याला नऊ राज्ये हवीत. ज्या तहाने जगाने हा देश मान्य केला, त्याला मान्यता द्यायला माणसे जमत नव्हती. जमली ती १४ जानेवारी १७८४ ला. याहून चटका लावणारी गोष्ट त्याच एप्रिलातली. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत १८०० नंतर गुलामगिरी असू नये, असे कलम जेफर्सनने आपल्या योजनेत घातले होते. ते ठेवायला सात राज्ये हवी होती, सहा मिळाली. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी आजारी होता आणि राज्याचे मत धरण्यास किमान दोन प्रतिनिधी लागत, म्हणून न्यू जर्सीचे मत मोजलेच गेले नाही. ओहायो नदीच्या उत्तरेस ही बंदी १७८७ मध्ये आली. दक्षिणेस ती आलीच नाही. त्या एका मताने पुढचे यादवी युद्ध टळले असते असे कोणी म्हणू नये, पण इतका मोठा प्रश्न एका माणसाच्या तापावर अवलंबून ठेवणारी घटना कशी असते, ते यावरून कळावे.

परराष्ट्र व्यवहाराबद्दल थोडक्यात सांगता येईल. तहाप्रमाणे इंग्रज सावकारांची जुनी कर्जे वसूल होण्यात अडथळा यायचा नव्हता. कित्येक राज्यांनी तसे अडथळे कायद्यानेच उभे केले. ते कारण दाखवून इंग्रजांनी नायगारा, डेट्रॉइट वगैरे ठाणी सोडली नाहीत. ती सुटली १७९६ मध्ये. १७८३ मध्ये वेस्ट इंडीजची बंदरे अमेरिकन जहाजांना बंद झाली, तर उलट कारवाई करण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता. स्पेनने मिसिसिपीचा मार्ग रोखला तेव्हा उत्तरेच्या सात राज्यांनी काही वर्षांपुरता तो हक्क सोडून व्यापारी तह करायचे मनात आणले. दक्षिणेच्या विरोधामुळे नऊ मते झाली नाहीत आणि बेत फसला. येथे त्या कलमांच्या बाजूने एक शब्द लिहायला हवा. नऊ राज्यांची अट नसती तर पश्चिमेकडचे शेतकरी उत्तरेच्या व्यापाऱ्यांसाठी विकले गेले असते. भीतीने बांधलेली कुंपणे कधीकधी उपयोगी पडतात.

परंतु मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांना कोणत्याच कुंपणाने तारले नाही. युद्धातून परतलेल्या शिपायांच्या हाती रोकड नव्हे, पगाराची वचनपत्रे होती. ती पिकेपर्यंत घरी बसण्याची ऐपत त्यांना नव्हती. त्यांनी ती पडेल भावाने सट्टेबाजांना विकली. मध्यवर्ती सत्ता कर्ज फेडू शकत नाही म्हणून राज्यांनी आपापल्या डोक्यावरचा भार उचलला आणि मॅसॅच्युसेट्सने तर वचनपत्रांची भरपाई दर्शनी किमतीप्रमाणे करण्यासाठी जबर कर बसविले, तेही चांदीसोन्याच्या नाण्यांत. म्हणजे ज्याने चार आण्याला कागद विकला त्यानेच आता त्याचा रुपया भरायचा. चांदी नसेल तर गुरे जप्त, जमीन लिलावात आणि स्वतः तुरुंगात. २९ ऑगस्ट १७८६ ला नॉर्थहॅम्प्टनच्या कोर्टाला शेतकऱ्यांनी घेराव घालून कामकाज बंद पाडले. पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज हा युद्धात कॅप्टन होता, बंकर हिलला लढला होता आणि लफायेतकडून मिळालेली मानाची तलवार त्याने पैशासाठी विकली होती.

स्प्रिंगफील्डला मध्यवर्ती सरकारचे शस्त्रागार होते. काँग्रेसने १,३४० सैनिक उभे करण्याचा ठराव केला आणि खरे कारण सांगण्याची लाज वाटून आदिवासींच्या बंदोबस्ताचे निमित्त पुढे केले. राज्यांनी त्यासाठीही पैसे दिले नाहीत. अखेर बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी आपसांत वर्गणी काढून जनरल लिंकनच्या हाताखाली फौज उभारली. २५ जानेवारी १७८७ ला शस्त्रागारापुढे तोफ डागली गेली, चार शेतकरी पडले आणि उठाव मोडला. शेज पळून व्हरमाँटला गेला, जे तेव्हा संघात नव्हते. ज्यांचे येणे होते त्या सावकारवर्गानेच फौजेचा खर्च केला आणि ऋणकोंवर ती चालविली, हे दृश्य ‘अत्यल्प शासन तेच उत्तम’ म्हणणाऱ्यांनी जरा निवांतपणे पाहावे. सरकार दुर्बळ असते तेव्हा सत्ता नाहीशी होत नाही. ज्याच्या खिशात पैसा असतो त्याच्याकडे ती जाते.

याच दुबळ्या काँग्रेसने दोन कामे मात्र अशी केली की ती आजही नकाशावर दिसतात. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडची जमीन सहा मैलांच्या चौकोनांत मोजण्याची आणि प्रत्येक गावठाणातला एक तुकडा शाळेसाठी राखण्याची पद्धत घातली. १३ जुलै १७८७ च्या कायद्याने नवे प्रदेश वसाहती न राहता बरोबरीची राज्ये होतील असे ठरविले. त्या जमिनीवर आधीच राहणाऱ्या आदिवासींना कोणी विचारले नाही, ही गोष्ट वेगळी आणि मोठी. मुद्दा इतकाच की जेथे राज्यांकडे काही मागायचे नव्हते तेथे काँग्रेसला दूरदृष्टीने वागता आले. जॉन फिस्कने १८८८ मध्ये या काळाला ‘संकटाचा काळ’ म्हटले आणि तो शब्द रूढ झाला. मेरिल जेन्सनने १९४० व १९५० च्या आपल्या ग्रंथांत त्याचा समाचार घेऊन दाखविले की व्यापार सावरत होता आणि संकटाची आरोळी ठोकणारे आपले हितसंबंध पाहत होते. जेन्सनचे बरेचसे म्हणणे पटते. पण देश सावरत होता तो या घटनेमुळे नव्हे, तिला वळसा घालून.

रोगाचे अचूक निदान मॅडिसनने केले. त्याने ग्रीक नगरराज्यांच्या, स्वित्झर्लंडच्या, नेदरलँड्सच्या संघांचा अभ्यास करून टिपणे काढली आणि १७८७ च्या एप्रिलात आपल्या राज्यव्यवस्थेतील दोषांवर एक टिपण लिहिले. त्याच्या अभ्यासात मराठ्यांचा राज्यसंघ नव्हता. असता तर उपयोगी पडला असता. सालबाईचा तह १७८२ चा, म्हणजे अगदी समकालीन. पुण्याचे कारभारी आणि उत्तरेतले सरदार यांच्यातल्या मानापानाला आणि थकलेल्या हिशेबांना तेथेही अंत नव्हता. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवालिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला आणि १७९० मध्ये पेशव्यांना बरोबर घेऊन टिपूवर चालून गेला. एका संघाने त्याला हरविले, दुसऱ्याशी त्याने दोस्ती केली. पहिल्या संघाने स्वतःला वेळेत बदलले. दुसऱ्याचे पुढे काय झाले ते आपण जाणतो.

मॅडिसनचे आणि त्याच वर्षाअखेर वृत्तपत्रांतून लिहिणाऱ्या हॅमिल्टनचे म्हणणे थोडक्यात असे: हुकूम राज्यांना द्यायचा नाही, माणसांना द्यायचा. राज्याने हुकूम मोडला तर त्याच्यावर फौजच न्यावी लागते, म्हणजे यादवी. माणसाने मोडला तर कोर्टाचा बेलीफ पुरतो. शिक्षा नसलेला कायदा हा सल्ला असतो. नव्या घटनेतले बाकी सारे या एका बदलातून निघाले आहे. दोन सभागृहे, अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालय हे त्यामानाने तपशील. पॅट्रिक हेन्रीने १७८८ च्या व्हर्जिनियाच्या परिषदेत नेमके यावरच बोट ठेवले होते: आरंभी ‘आम्ही राज्ये’ न म्हणता ‘आम्ही लोक’ म्हणण्याचा यांना अधिकार कोणी दिला? त्याचा प्रश्न कायदेशीरदृष्ट्या बिनतोड होता. फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींना केवळ कलमांची दुरुस्ती सुचविण्यास सांगितले होते. त्यांनी कलमेच बाजूला ठेवली. एकमताऐवजी नऊ राज्यांची मान्यता पुरेशी, असेही त्यांनीच ठरविले. ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच धाडले नव्हते. ते आले ते २९ मे १७९० रोजी, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. ज्या घटनेत बदलाचा कायदेशीर रस्ताच नसतो तिला शेवटी बेकायदा रस्त्याने जावे लागते.

मात्र भीती निमाली नाही. १७९१ च्या नागरी हक्कांच्या दहा दुरुस्त्या तिच्याच पोटी आल्या. त्यांतील दहावी म्हणजे बर्कच्या कलमाचाच पुनर्जन्म. फक्त ‘स्पष्टपणे’ हा शब्द तीत नाही. तो घालावा असा आग्रह १७८९ मध्ये झाला आणि फेटाळला गेला. १८१९ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या खटल्यात सरन्यायाधीश मार्शलने या गळलेल्या शब्दावर बोट ठेवून मध्यवर्ती सत्तेचे हात मोकळे केले. बर्कच्या भीतीला अगदीच आधार नव्हता असे आजच्या वॉशिंग्टनकडे पाहून कोणी म्हणणार नाही. करारातून जन्मलेल्या संघाचा दुसरा प्रश्न, करार मोडता येतो का हा, नव्या घटनेनेही मोघमच ठेवला आणि त्याचा निकाल १८६१ ते १८६५ च्या युद्धात लागला. आपल्या घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी मसुदा मांडताना ‘युनियन’ या शब्दाचे समर्थन केले ते याच दाखल्याने: भारताचा संघ राज्यांच्या करारातून आलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही, अमेरिकनांना हे ठरविण्यासाठी युद्ध करावे लागले, तर आपण ते आधीच स्पष्ट केलेले बरे. मराठी भाषांतरात पहिल्या कलमातील तो शब्द ‘राज्यांचा संघ’ असा आला आहे. नुसत्या शब्दावरून पाहणाऱ्याला तो राज्यसंघ वाटेल; अर्थ नेमका उलटा आहे.

राहिला प्रश्न शिपायांच्या वचनपत्रांचा. १७९० मध्ये हॅमिल्टनने, अर्थमंत्री या नात्याने, जुने कर्ज दर्शनी किमतीने मान्य केले. मूळ शिपाई आणि नंतरचा खरीददार यांत भेद करावा, असे मॅडिसनने लोकसभेत सुचविले; ते बहुमताने फेटाळले गेले. पत सुधारली, व्याज सुरू झाले आणि ते कागद ज्यांच्याजवळ होते त्यांना मिळाले. डॅनियल शेजला १७८८ मध्ये माफी मिळाली होती. तो न्यूयॉर्क राज्यात जाऊन राहिला, गरिबीतच. उतारवयात त्याला मध्यवर्ती सरकारने युद्धातील सेवेबद्दल निवृत्तिवेतन दिले. १८२५ मध्ये तो वारला.